मार्थाबाईची अट

गीता तिसऱ्यांदा बाळंतपणाला माहेरी आली आणि धानोऱ्याच्या देशमुखांच्या घरात सगळ्यांचं बोलणं एकदम हळू झालं. पहिलं मूल तिच्या पोटातच गेलं होतं. दुसरं पायाळू आलं, ते सुइणीच्या हातातच निपचित झालं. त्या वेळी गीताचंही काही खरं नाही म्हणून जावयाला तार करावी लागली होती. आता सातवा सरत आला होता. पोर दिवसभर माजघरात बसून वाती वळायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "बरी आहो ना मी."

तिचे वडील शेषराव घरातले थोरले. त्यांच्या शब्दापुढं गावातही कुणी जात नसे, मग घरात कोण जाणार? मलकापूरहून नावाजलेली सुईण आणवायची, असं त्यांनी ठरवलं आणि विषय संपवला. गीताच्या आईच्या, सोजराबाईच्या, पोटात मात्र तो संपला नव्हता. एका सकाळी ताक घुसळता घुसळता तिनं रवी थांबवली आणि धाकट्या जावेला विचारलं,

"अन्नपूर्णा, मायपेठेले शालूच आहे म्हनते ना?"

अन्नपूर्णेच्या हातातली परात हातातच राहिली. वीस वर्षांत या घरात हे नाव कुणी उच्चारलं नव्हतं.

शालू ही शेषरावांची आणि अन्नपूर्णेच्या नवऱ्याची, नारायणरावांची, धाकटी बहीण. नवव्या वर्षी लग्न आणि बाराव्या वर्षी कपाळ पांढरं. देशमुखांत विधवेचं दुसरं लग्न होत नसतं, म्हणून ती परत माहेरीच आली. मग मानमोडीची, त्या जीवघेण्या तापाची, साथ आली. घरोघर माणसं पटापट जायला लागली, तेव्हा मायपेठेच्या मिशनातली एक गोरी सिस्टर औषधाची पेटी घेऊन धानोऱ्यात उतरली. पंधरा वर्षांची शालू तिच्या मागं मागं हिंडली. कुणाला पाणी पाजलं, कुणाची घाण काढली. गावकुसाबाहेरच्या वस्तीतही गेली. साथ ओसरली, सिस्टर गेली आणि आठवड्यानं शालूही तिच्यामागं मिशनात गेली. शेषरावांनी नदीवर जाऊन जित्या बहिणीच्या नावानं आंघोळ केली. महिन्यानं ती एकदा भेटायला आली होती. तेव्हा तिच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं ते सोजराबाईनंच.

आणि आज तीच सोजराबाई विचारत होती.

"तिच्या हातची बाळंतीण दगावत नाई म्हनते," सोजराबाई ताकाकडेच पाहत म्हणाली. "बजारात बाया बोलून राह्यल्या होत्या. मले तं तिच्यापुढं जायाले तोंड नाई. तू आन् भाऊजी जा. तुह्यं तिचं गूळपीठ होतं."

"आन् दादासायबाइले काय सांगाचं?"

"काई नाई सांगाचं." सोजराबाईनं रवी पुन्हा फिरवायला सुरुवात केली. "माह्या पोरीचा जीव आहे, बाई."

अन्नपूर्णेनं नवऱ्याला सांगितलं तेव्हा नारायणरावांनी आधी उठून दार लोटलं. मग हळूच म्हणाले, "गुरवारी मायपेठेले जत्रा आहे. लय मानसं येतात. गर्दीत कोन कोनाले पाह्यते?"

थोरल्या भावाला त्यांनी सांगितलं की हिच्या मावशीला बरं नाही, भेटून येतो. जन्मात खोटं न बोललेला माणूस. सांगताना त्यांचे कान लाल झाले. शेषरावांनी मान हलवली आणि गड्याला बोलावलं, तर नारायणराव म्हणाले, "राहू द्या, दादा. दमनी मीच हाकतो."

उजाडता उजाडता ते निघाले. मायपेठ पाच कोस. गावाबाहेरचा नाला ओलांडेपर्यंत दमणीचा पडदा खाली होता. पलीकडच्या चढावर बैल सावकाश चालू लागले तेव्हा नारायणरावांनी मागं न वळता म्हटलं, "पडदा घे वर. इथं कोन आहे पाहाले?"

अन्नपूर्णेनं पडदा वर केला. दोन्ही अंगांना करडई पिवळी झाली होती, हरभऱ्याला घाटे धरले होते, आणि पुढं बुलढाण्याच्या घाटाची निळी रांग सरळ समोर उभी होती. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत ही दोघं उजेडात, दुसरं कुणी नसताना, अशी कधी निघाली नव्हती. काय बोलावं तेच दोघांना सुचेना. मग नारायणरावांनी बैलांच्या नावानं काहीतरी म्हटलं, ती हसली, आणि त्यानंतर बोलणं आपोआप सुरू झालं.

कोसभरानं ते एकाएकी म्हणाले, "मले भेव वाटते, अन्नपूर्णा."

"काऊन?"

"ज्या दिवशी ती दारात आलती ना, त्या दिवशी मी दारामागंच उभा होतो. वैनीनं कडी घातली. मी एक हात पुढं केला असता तं दार उघडलं असतं." कासरा त्यांच्या हातात उगाच आवळला जात होता. "नाई केला."

त्या दिवशी अन्नपूर्णाही माजघरातच होती. नवी सून होती, सोळा वर्षांची होती, हे सगळं खरं. पण खिडकीतून तिनं शालूची पाठ जाताना पाहिली होती आणि हाक मारली नव्हती.

मायपेठ म्हणजे कागदावर मरियमपेठ. संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात तिथं नुसतं बाभळीचं रान होतं. उपाशी माणसं आणि टाकलेली पोरं गोळा करून एका परदेशी पाद्र्यानं तिथं विहीर खणायला घेतली. पाणी लागायला पाच महिने लागले, असं लोक सांगत. आणि ते लागेतो पाद्री स्वतः टोपली उचलत होता, असंही सांगत. आता त्या रानात सरळ आखलेले रस्ते होते, संत्र्यांची बाग होती, माग चालायचे, शाळा होती, कौलारू दवाखाना होता. घरांपुढची अंगणं सारवलेली. नारायणरावांनी शेतकऱ्याच्या नजरेनं बागेची आळी पाहिली, पाटाचा उतार पाहिला, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा बे! काय बांधबंदिस्ती केली आहे! आपल्या गावात सात पिढ्या देशमुखी आहे, पन असा पाट नाई."

टेकडीच्या कपारीत मारियामायची मूर्ती होती. पांढरा झगा, निळा पट्टा, हात जोडलेले. तिच्यापुढं शेकडो मेणबत्त्या जळत होत्या. ख्रिस्ती बाया गुडघे टेकून गाणी म्हणत होत्या, आणि त्यांच्या शेजारीच नऊवारीतल्या कुणबिणी, माळणी नारळ वाढवून झेंडूच्या माळा वाहत होत्या. कुणी मेणाचा हात आणला होता, कुणी मेणाचा पाय. ज्याचं जे दुखतं ते. एका म्हातारीनं मेणाचं एवढंसं बाळ मूर्तीच्या पायाशी ठेवलं. ते पाहून अन्नपूर्णेनं पदर डोक्यावर सारखा केला आणि हात जोडले. कुणाची का देवी असेना, आईच ती.

दवाखान्यापाशी बायांची रांग होती. नारायणराव निंबाखाली थांबले. "तूच जा आंदी," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून ती एकटी गेली.

रांग हळूहळू सरकली. आत पांढऱ्या झग्यातली, डोक्याला पांढरं वस्त्र बांधलेली एक सावळी बाई स्टुलावर बसली होती. मान वर न करता ती एकेकीला विचारत होती, सांगत होती, पुडी बांधत होती. हात कसे चालत होते! घाई नाही आणि खोळंबाही नाही. बाया तिला मार्थाबाई म्हणत. अन्नपूर्णेची पाळी आली.

"पदर मांगं घे. जीभ दाखव."

अन्नपूर्णेनं पदर मागं घेतला. जीभ काही दाखवली नाही. मार्थाबाईनं वर पाहिलं. पाहतच राहिली.

"अन्नावैनी?"

"हाव."

पुढं दोघींना बोलायला सवड मिळालीच नाही. बाहेर एकच गलका झाला. जत्रेला आलेल्या बंजाऱ्यांच्या तांड्यातली एक बाई चार जणांनी बाजेवर घालून आणली होती. पहाटेपासून अडली होती. बरोबरची म्हातारी छाती पिटत ओरडत होती, "पाय आले, बाई, आंदी पाय आले!"

अन्नपूर्णा जागची उठली. गीताचंही असंच झालं होतं.

मार्थाबाई उठली ती सगळी कामं एकदम सांगत. पाणी, कपडे, दार लावा. तिची सोबतीण जत्रेत गेली होती. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि म्हणाली, "वैनी, साबनानं कोपरापर्यंत हात धू. तिच्या डोक्यापाशी बस. तिचे हात धरजो आन् सोडजो नको."

देशमुखांची ही सून आजवर परक्या पोटजातीच्याही घरी पाणी प्यायली नव्हती. तिनं हात धुतले आणि त्या घामाघूम झालेल्या बाईचं डोकं मांडीवर घेतलं. बाईनं तिची मनगटं अशी आवळली की काकणं फुटून रुतली.

"वढा ना, बाई, वढा!" म्हातारी ओरडत होती.

"वढाचं नाई," मार्थाबाई म्हणाली. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "वढलं की मान अटकते. त्याले त्याच्या वेळेनं येऊ दे. माय, तू दम घे. आता नको जोर करू. थांब. थांब... आता कर!"

अन्नपूर्णा पाहत होती. इवलेसे पाय आले, मग कंबर. मार्थाबाई बाळाला हात न लावता नुसती तयार बसली होती. हात लावायचा मोह आवरणं किती अवघड असतं, ते अन्नपूर्णेला त्या घटकेला कळलं. खांदे आले. मग तिनं बाळाला अंगासरसं उचलून असं काही वर घेतलं की डोकं अलगद सुटलं.

पण ते रडेना. निळसर, ढिलं अंग. गीताच्या वेळी सुईण एवढं पाहूनच "देवाची मर्जी" म्हणून उठली होती. मार्थाबाईनं बोटाला फडकं गुंडाळून त्याचं तोंड साफ केलं, आपलं तोंड त्याच्या नाकातोंडावर ठेवलं आणि चिमणीला पुरेल एवढी फुंकर घातली. पुन्हा. पुन्हा. बाहेर जत्रेतलं गाणं ऐकू येत होतं. पुन्हा.

बाळानं नाक मुरडलं आणि टाहो फोडला.

म्हातारी जमिनीवर लोळण घेऊन रडू लागली. अन्नपूर्णा रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. मार्थाबाईनं कपाळावर बोटं नेऊन क्रुसाची खूण केली, आणि लगेच म्हणाली, "वैनी, ते पानी आन इकडं. अजून बाळंतिणीचं काम बाकी आहे."

हे सगळं उरकून ती मागच्या हौदावर हात धुवायला आली तेव्हा नारायणराव निंबाखालून उठून आले होते. झग्यावर रक्ताचे डाग, बाह्या वर दुमडलेल्या. भाऊ दहा हातांवर उभा राहिला. वाटेत त्यांनी मनात काय काय जुळवलं होतं; त्यातलं एक अक्षर बाहेर येईना. फेटा काढून त्यांनी हातात घेतला, एवढंच.

शालूनं हात पुसले.

"भाऊ, बैलं कुठी सोडले? तिकडं उन्हात नको. बागेत बांध, कडबा आहे."

एवढं ऐकलं आणि नारायणराव लहान पोरासारखे रडले. ती त्यांच्याजवळ गेली नाही, रडू दिलं. मग हौदातला तांब्या भरून त्यांच्यापुढं धरला, आणि धरल्यावर थबकली. "माह्या हातचं चालंल का?"

त्यांनी तांब्या घेतला, घटाघटा प्यायले, आणि उरलेलं अन्नपूर्णेपुढं केलं. तीही प्यायली.

तिघं बागेतल्या बाजेवर बसली. सोजराबाईनं बांधून दिलेली कळण्याची भाकर आणि ठेचा अन्नपूर्णेनं सोडला. कुणी दिला ते सांगितल्यावर शालू भाकर मोडून खाऊ लागली. खाता खाताच तिनं गीताचं सगळं विचारून घेतलं. पहिल्या वेळी किती महिने भरले होते, दुसऱ्या वेळी कळा किती वेळ, पायावर सूज आहे का, रात्री झोप लागते का. अन्नपूर्णा सांगत गेली. आपल्याच घरात टोपल्याखाली लपून चिंचा खाणारी पोर ती हीच का, असं तिला वाटत होतं.

"तिले आताच इथं आना," शालू म्हणाली. "दिवस भरायची वाट पाहू नका. मूल आडवंतिडवं असंल तं मले आंदी कळलं पायजे, तरच फिरवता येते. माह्यानं नाई जमलं तं आमची दाक्तरीन सिस्टर आहे. बागेतली खोली देते. चूल तुमची, सैपाक तुमचा, देव तुमचे. कोनी तिले काई म्हननार नाई."

"उद्याच आनतो," नारायणराव म्हणाले. "दादाले काई कळू न देता—"

"नाई, भाऊ." तिनं भाकर खाली ठेवली. "चोरून आनलेली पोर मी घेनार नाई. दादानं सोता आनून सोडली पायजे."

"तो येनार नाई, शालू! तुले नाई मालूम आता तो कसा—"

"मालूम आहे. मी काई त्याचं नाक घासाले बलावत नाई. अडलेली बाई मी जातपात पाहून घेत नाई, तं राग पाहून कायले घेऊ?" तिचा आवाज मऊ होता, पण तो हलणारा नव्हता. "माह्या हातून सगळ्याच वाचत नाईत, भाऊ. लोक उगाच म्हनतात. दोन बाया गेल्या या साली. उद्या गीताले काई उनंअधिक झालं तं दादा म्हनंल, यानंच नेली, हिनंच नेली. आन् तुम्हा दोघाइले घराभाईर काढंल. त्या घरानं एक मानूस काढलं तेवढं पुरे."

नारायणराव बागेकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "सांगतो."

"आज सांगजो. दादाले म्हना, शालू वाट पाह्यते."

परतीच्या वाटेवर अन्नपूर्णेच्या मनगटावर काकणाचे ओरखडे चुरचुरत होते आणि मन मात्र भरून आलं होतं. आपण सगळ्यांनी मिळून त्या पोरीवर दार लावलं, आणि तिनं पलीकडं जाऊन एवढं मोठं दार उघडलं.

दिवेलागणीला ते घरी पोचले. शेषराव ओसरीवर बसले होते. "कशी आहे मावशी?" त्यांनी विचारलं.

नारायणरावांनी पायतण काढलं. आत सोजराबाई दिवा लावत होती. तिचा हात थांबलेला अन्नपूर्णेला दाराआडून दिसला.

"मावशीकडं नाई गेलो, दादा. मायपेठेले गेलतो. शालूकडं."

शेषरावांच्या कपाळाची शीर फुगली. "कोनाकडं?"

"आपल्या बहिनीकडं." नारायणराव थांबले नाहीत. बंजाऱ्याची बाई, उलटं आलेलं बाळ, घातलेली फुंकर, सगळं सांगितलं. शेवटी अटही सांगितली. "ती म्हनते, दादानं आनली तरच घेईन. मले रागवा, मारा, पन गीताले न्या."

"माह्या घरात राहून, माह्याशी खोटं बोलून—"

"त्याइले काई म्हनू नका." सोजराबाई उंबऱ्याबाहेर आली होती. तिच्या हातात दिवा तसाच. "म्या धाडलं त्याइले. तेव्हा दार म्याच लावलं होतं, आता उघडा म्हनून म्याच म्हनते."

शेषराव बायकोकडं पाहत राहिले. आतल्या खोलीत गीता भिंतीला धरून उभी होती, पोटावर हात ठेवून. तिचा श्वास ऐकू येत होता. शेषरावांनी तिकडं नजर टाकली, आणि त्यांचे खांदे एकदम खाली आले. मग त्यांनी विचारलं, ते कुणाला हे कुणालाच कळलं नाही.

"काय म्हनते ती मले? नाव घेते, का काय?"

नारायणरावांनी तोंड फिरवून डोळे पुसले. भासऱ्यापुढं, नवऱ्याच्या थोरल्या भावापुढं, धाकट्या सुनेनं बोलायचं नसतं. बावीस वर्षांत अन्नपूर्णेनं त्यांच्याशी एक शब्द उच्चारला नव्हता. ती दाराआडून पुढं आली. पदर सावरला, पण मान खाली घातली नाही.

"दादाच म्हनते," ती म्हणाली. "दर बोलात दादाच म्हनते. आन् म्हने, वाट पाह्यते."

शेषरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. पुसता पुसता ते उपरणं तोंडावरच राहिलं. सोजराबाईनं दिवा देवळीत ठेवला आणि ती खाली बसली.

"नारायणा," उपरण्याआडून ते म्हणाले, "बैलं आज दमले असतील. सकाळी दुसरी जोडी जुंप. गीताचं आंथरून-पांघरून बांधा."

मग त्यांनी तोंडावरचं उपरणं काढलं आणि थेट अन्नपूर्णेकडं पाहिलं.

"तूबी चाल. मले एकट्याले तिच्यापुढं उभं राहनं जमायचं नाई."

"हाव, दादासायब," अन्नपूर्णा म्हणाली, आणि गीताच्या लुगड्यांची पेटी काढायला आत वळली.